ड्रेसवरचा द्राक्षघड उलटा लटकू नये म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षांचे घड, जिलेबी, वडापाव, कुल्फी, मिरच्या, उकडीचे मोदक असे छाप असलेले सुती ड्रेस सध्या सांगली-मिरजेतल्या लहान लेबलांकडे, म्हणजे स्वतःच्या नावाने कपडे करून विकणाऱ्यांकडे, मिळू लागले आहेत. कापड कापणारे, शिवणारे आणि छापणारे म्हणून आम्हाला याचा मनापासून आनंद आहे. मात्र असा ड्रेस साध्या कुर्तीसारखा हँगरवरून काढून, आरशात एकदा बघून घेता येत नाही. फुलांचे कापड उलटे कापले गेले तरी फूल फूलच राहते. द्राक्षाचा घड उलटा झाला की देठ खाली येतो आणि ती चूक समोरच्याला लगेच दिसते. म्हणून घेणाऱ्यांनी अंगावर घालून काय पाहावे आणि करणाऱ्यांनी काय सांभाळावे, हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

खाण्याच्या वस्तू अंगावर मिरवणे ही बाहेरून आलेली टूम आहे, असे काहींना वाटते. आपल्या दागिन्यांची नावे आठवावीत: बोरमाळ, जोंधळी पोत, जवाची माळ. साड्यांचे रंग आपण आमसुली, डाळिंबी, वांगी, लिंबू, मिरची असेच ओळखतो. पैठणीला नारळी काठ असतो. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालतात, तेव्हा तर खाऊच अंगावर असतो. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेल्ली यांनी १९३७ साली चित्रकार साल्वादोर दाली यांनी काढलेली तांबडी शेवंड पांढऱ्या रेशमी ड्रेसच्या घेरावर छापली, तो ड्रेस आजही नावाजला जातो. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चित्र एकच होते आणि ते कुठे येणार हे आधी ठरलेले होते. आपल्याकडच्या बहुतेक ड्रेसमध्ये हीच बाजू कच्ची राहते.

ड्रेस अंगावर घातला की आधी चित्रे कुठे पडली आहेत ते पाहावे. लाडू, संत्रे, पापड, तळलेले अंडे अशी गोल चित्रे छातीच्या उंचवट्यावर जोडीने आली, तर कापड कितीही उत्तम असले तरी घालणारी दिवसभर ओढणी सावरत राहते. पोटाच्या मधोमध एकच मोठी वाटी आली तर पोट पुढे दिसते. मागच्या बाजूला, बैठकीच्या जागी काय आले आहे हे तर पाहायचे राहूनच जाते. दुकानात मागेपुढे आरसे नसतील तर सोबतच्या व्यक्तीला सहा-सात फुटांवरून मागचा फोटो काढायला सांगावे. मोदक किंवा नैवेद्याचे ताट अशी चित्रे बैठकीवर आणि पायघोळ घेराच्या खालच्या काठाला नसावीत, असे आम्हाला वाटते. गणपतीच्या या गावात ते अनेकांना खटकेल. योकवर (छातीच्या वर वेगळ्या जोडलेल्या भागावर), खिशावर किंवा बाहीवर ती छान शोभतात.

एकाच मापाचे, एकाच छापाचे दोन ड्रेस सारखे का नसतात, याचे कारण कटिंगच्या टेबलावर आहे. मोठ्या कामात कापडाचे ४०-५० थर एकावर एक अंथरून यंत्राने एकदम कापतात. मांडणी सर्वांत वरच्या थरावर होते. खालच्या प्रत्येक थराची सुरुवात छापाच्या वेगळ्याच जागेवरून झालेली असते, त्यामुळे वरच्या तुकड्यात जिलेबी खांद्यावर आली तर खालच्यात ती छातीवर येते. म्हणून घेणाऱ्याने त्याच मापाचे तीन नग मागून तिन्ही घालून पाहावेत. दुकानदारानेही कंटाळा करू नये, कारण तिघांपैकी एक हमखास चांगला बसतो. लहान लेबलांना यावर सोपा उपाय आहे. चार-पाचच थर घ्यावेत, प्रत्येक थरातले तेच चित्र खालच्या चित्रावर आणून टाचणीने धरावे. कागदी पॅटर्नवर छातीचा बिंदू घेऊन त्याभोवती तीन इंचांचे वर्तुळ कापून खिडकी करावी. त्या खिडकीतून खालचे चित्र दिसते आणि पॅटर्न दोन इंच वर किंवा खाली सरकवला की अडचण सुटते. कापड थोडे वाया जाते, पण तेवढ्यासाठी अख्खा ड्रेस पडून राहणे जास्त महागात जाते.

आता उलट-सुलट. घड, कुल्फी, वाफाळता चहा, मोदक ही सगळी एकाच दिशेने उभी चित्रे. काफ्तानसारखा ड्रेस खांद्यावर घडी ठेवून, शिवण न घालता कापला तर पुढचे मोदक उभे आणि पाठीवरचे सगळे डोक्यावर येतात. अशा कापडाला खांद्यावर शिवण घ्यावीच लागते. कापड वाचवण्यासाठी बाह्या एकमेकींच्या उलट मांडतात, तिथे एक बाही सुलटी आणि एक उलटी होते; घालून दोन्ही हात शेजारी सोडले की हे कळते. अंब्रेला कट, म्हणजे छत्रीसारखा गोल घेर, तर या कापडाला अजिबात चालत नाही. पुढे मध्यभागी चित्र उभे राहते, बाजूला जाईपर्यंत आडवे पडते, आणि पूर्ण गोल घेर एकाच तुकड्यातून कापला तर मागे थेट उलटे होते. घेर हवा असेल तर चुण्या घालाव्यात किंवा कळ्यांचा घेर करावा, म्हणजे प्रत्येक कळीत चित्र जवळपास उभे राहते.

कापड घेऊन शिवून घेणाऱ्यांसाठी हिशेब सांगतो. ४४ इंच पन्ह्याचे कापड, ड्रेसची उंची ४५ इंच, खांदा आणि खालच्या दुमडीसाठी ३ इंच धरले तर एका लांबीला ४८ इंच. पुढचा-मागचा मिळून ९६, आणि शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन बाह्यांसाठी १४. एकूण ११० इंच, म्हणजे साध्या कापडाला पावणेतीन मीटरला थोडे वर. छाप दर १४ इंचांनी पुन्हा येत असेल आणि पुढचे-मागचे चित्र एका रेषेत हवे असेल, तर दोन्ही लांबी छापाच्या एकाच जागेपासून सुरू कराव्या लागतात. ४८ च्या ऐवजी प्रत्येकी ५६ इंच मोजावे लागतात. मग गरज सव्वातीन ते साडेतीन मीटरवर जाते. शिंपीदादांनी जास्त कापड मागितले की गिऱ्हाईक नाराज होते, त्यामागचे कारण हे असते. कापड घेतानाच दुकानात छापाचे अंतर टेपने मोजून ठेवावे: एका घडाच्या देठापासून अगदी तशाच पुढच्या घडाच्या देठापर्यंत.

टक्स (आकार देण्यासाठी कापड चिमटीत धरून घातलेली शिवण) आणि इतर शिवणी चित्र खातात. छातीला एक इंचाचा टक्स घेतला तर तेवढी मिसळीची वाटी कापडात दडते आणि उरलेली वाटी चेपल्यासारखी दिसते. प्रिन्सेस कटमध्ये, म्हणजे छातीवरून खालपर्यंत उभी शिवण असते त्यात, तर प्रत्येक चित्राचे दोन तुकडे होतात. चित्र चार-सहा इंचांचे असेल तर सरळ कट, ए-लाइन किंवा योकखाली चुण्या, इतकेच करावे. दोन इंचांच्या आतल्या चित्राला कुठलाही कट चालतो. बाजूच्या शिवणीवर चित्र जुळले नाही तर तो दोष धरू नये, तिथे आकारच बदलत जातो. समोरची बटणपट्टी मात्र जुळलेली असावी. वरून शिवलेला खिसाही मागच्या चित्राशी जुळवून कापलेला असावा, नाहीतर अर्धा वडा आणि अर्धा पाव शेजारी शेजारी दिसतात.

आणखी एक पाहायचे: खालचा काठ सरळ असताना चित्रांच्या ओळी एका बाजूला चढत जातात का? तसे असेल तर छापताना किंवा वाळवताना कापडाचे धागे तिरके झाले होते. घरी कितीही ओढून इस्त्री केली तरी ते पुढच्या धुण्याला पुन्हा फिरते. असा नग घेऊ नये.

चित्र काढणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. खाण्याच्या छापाचा मोठा धोका म्हणजे तो डाग वाटणे. भेळ, भडंग, मिसळ हे पदार्थ बारीक कणांचे. त्यांचा फोटो घेऊन दोन इंचांत छापला की सहा फुटांवरून पिवळसर-तपकिरी ठिपके तेवढे दिसतात, आणि पांढऱ्या कापडावर कोणाची तरी तर्री सांडल्यासारखे वाटते. भडंग दाखवायचे असेल तर चार चुरमुरे, एक शेंगदाणा, कढीपत्त्याचे पान आणि लसणाची पाकळी मोठी करून, भोवती गडद रेघ देऊन काढावी. जिलेबी कापडावर उत्तम बसते, कारण ती मुळात एकच वळलेली रेघ आहे. करंजीचा बाक कोयरीच्या जवळचा, तिचा काठ सुंदर होतो. हिरव्या-काळ्या घडांची मांडणी सरळ ओळीत केली तर अंगावर आडवे पट्टे दिसून अंग रुंद भासते. दुसऱ्या उभ्या रांगेतला घड अर्ध्या अंतराने खाली उतरवला की पट्टे मोडतात. साताऱ्याचा कंदी पेढा आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी छापणाऱ्यांनी रंगाचा नमुना दिवसाच्या उजेडात मंजूर करावा. तपकिरी रंग तीन-चार शाई मिळून बनतो, म्हणून ट्यूबलाइटखाली खरपूस दिसणारा पेढा उन्हात हिरवट किंवा तांबूस निघू शकतो. घेणाऱ्यानेही ड्रेस दुकानाच्या दाराशी नेऊन पाहावा.

छपाई कोणत्या प्रकारची आहे यावर ड्रेसचे आयुष्य ठरते, आणि कपड्याच्या चिठ्ठीवर नेमके तेच लिहिलेले नसते. सुती कापडावरची रिअॅक्टिव्ह छपाई सर्वांत टिकाऊ. डिजिटल यंत्रावर ती करताना कापडाला आधी सोडा, युरिया आणि घट्टपणासाठी अल्जिनेट लावतात, छापतात, साधारण १०२ अंशांच्या वाफेत ८ ते १० मिनिटे ठेवतात, मग गार आणि गरम पाण्याने खळखळून धुतात. रंग धाग्याशी रासायनिक बांधला जातो, त्यामुळे कापडाचा स्पर्श मऊ राहतो. चूक होते ती शेवटच्या धुण्यात. पाणी वाचवले की न बांधलेला रंग कापडात राहतो आणि पहिल्याच धुण्यात स्ट्रॉबेरीचा लाल भोवतीच्या पांढऱ्या कापडावर उतरतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचाही त्रास होतो. त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेटच्या गुठळ्या होतात आणि छापात बारीक ठिपके राहतात.

पिगमेंट छपाई स्वस्त आणि सोपी. इथे रंग चिकट बाइंडरने कापडाच्या वर बसतो आणि १५० अंशांना चार-पाच मिनिटे भाजून पक्का करावा लागतो. काही ठिकाणी नुसती इस्त्री फिरवून काम भागवतात, मग चार धुण्यांत काखेत, कॉलरवर आणि पर्स घासते तिथे रंग उडतो. तिसरी सब्लिमेशन छपाई. कागदावरचे चित्र २०० अंशांच्या आसपास दाबून कापडावर उतरवतात, रंग झगझगीत येतात, पण ती पॉलिएस्टरवरच धरते. 'कॉटन फील' असे लिहिलेले असेल तर आतली शिवण पाहून कापड नेमके कोणते ते विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पॉलिएस्टर घालून दुपारी बाहेर पडणे कठीणच. शिवाय ताणणाऱ्या होजिअरीवर हा छाप असेल तर तो घट्ट बसल्यावर गोल संत्रे लांबट होते आणि मधून पांढरा धागा दिसतो. म्हणून तो एक माप मोठाच घ्यावा.

दुकानात ओळखायचे कसे? छापावर नख हलके ओढावे. पांढरी रेघ उठली तर पिगमेंट. पाण्याचा एक थेंब छापावर आणि एक कोऱ्या जागेवर ठेवावा. दोन्ही सारखेच मुरले तर रिअॅक्टिव्ह, छापावरचा रेंगाळला तर पिगमेंट. मग पांढरा सुती रुमाल गडद लाल, काळ्या आणि हिरव्या भागावर दहा वेळा कोरडा आणि दहा वेळा ओला घासावा. ओल्या रुमालावर फिकट छटा येणे समजू शकते. ठळक डाग पडला तर ड्रेस परत ठेवावा.

मापाचे थोडक्यात. मागावर विणलेले सुती कापड होजिअरीसारखे ताणत नाही, म्हणून छाती ३६ असेल तर ड्रेस ३९ ते ४० हवा. घालून मांडी घालून बसावे, दोन्ही हात वर करावेत, दुचाकीचे हँडल धरल्यासारखे हात पुढे न्यावेत. पाठीत ओढ आली तर मोठे माप घ्यावे. आधी न भिजवलेले सुती कापड तीन ते पाच टक्के आटते, आणि रुंदीपेक्षा उंचीत जास्त. ४६ इंची ड्रेस पाच टक्के आटला तर सव्वादोन इंच वर जातो, गुडघ्याखालचा ड्रेस गुडघ्यावर येतो. कॅम्ब्रिक असो वा पॉपलीन, लेबलांनी कापड कापण्याआधी पाण्यातून काढावे आणि अस्तरही सोबत भिजवावे. अस्तर वेगळे आटले की खालच्या काठाला सुरकुत्या पडतात. बाजूच्या शिवणीत निदान एक इंच माया (जादा कापड) ठेवावी. पिगमेंट छापाचा ड्रेस उसवून सैल केला तर जुन्या शिवणीची रेघ कायम दिसते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे.

पहिले धुणे वेगळे, गार पाण्यात, उलटा करून, पंधरा मिनिटांत. रात्रभर भिजत घालू नये. मीठ, तुरटी किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. रिअॅक्टिव्ह रंग सोडा आणि वाफेने बांधला जातो, मिठाच्या पाण्याने तो बांधला जात नाही. रंग सुटत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत भरपूर पाण्यात खळबळत राहणे एवढाच उपाय. ओला ड्रेस गोळा करून ठेवला की लाल छापाचा डाग शेजारच्या पांढऱ्यावर बसतो, म्हणून लगेच सावलीत पसरावा. सब्लिमेशन छापाचा ड्रेस कोळशाच्या इस्त्रीला देऊ नये. तिची उष्णता हातात नसते, आणि ज्या उष्णतेने रंग कापडावर चढला त्याच उष्णतेने तो इस्त्रीच्या कापडावर उतरतो.

हळदीबद्दल वेगळे सांगायला हवे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे 'खऱ्या हळदीत रंगवलेला ड्रेस' ही कल्पना इथल्या लेबलांना सुचणे स्वाभाविक आहे. हळद सुती कापडावर लगेच चढते, पण उन्हात झपाट्याने विटते. साबणाच्या पाण्यात ती तांबडी होते; कुंकू परंपरेने हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून बनते, त्याचेच हे तत्त्व. लिंबाच्या पाण्यात खळबळले की पिवळा परत येतो. असा ड्रेस सणाला एक दिवस घालायला सुंदर आहे. रोजच्या वापराचा म्हणून तो विकू नये. हळकुंडाचे चित्र हवे असेल तर ते पक्क्या पिवळ्या रंगात छापावे.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून बिल घ्यावे. घरी गेल्यावर चित्र आवडले नाही, ही तक्रार मात्र त्यात बसत नाही. ते दुकानातल्या आरशापुढेच ठरवायचे.

लेबल चालवणाऱ्या भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. चिठ्ठीवर कापड सुती की पॉलिएस्टर, छपाई कोणती, आधी भिजवले आहे की नाही, एवढे तीन शब्द मराठीत लिहावेत. आणि प्रत्येक ड्रेससोबत त्याच कापडाचे सहा इंच बाय सहा इंच कात्रण, चित्राच्या सर्वांत गडद भागाचे, पिशवीत घालून द्यावे. कापताना उरलेले कापड असते, वेगळा खर्च नाही. गिऱ्हाईक घरी ते पांढऱ्या चिंधीसोबत भिजवून रंग पाहील, एक धागा जाळून कापड ओळखेल: सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी. आणि वर्षभराने कोपऱ्यावर फाटले तर त्याच घडाचे ठिगळ लावता येईल.

आपले,
शिवण, कटिंग आणि कापड-छपाईचे काम करणारे काही वाचक,
सांगली